प्रत्येक शब्द तीनदा

सोमवार, ६ जानेवारी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक ट्रंक आणि वाटभर शेजारच्या प्रवाशाचं डोकं उठवून दमलेलं तोंड, असा सगळा लवाजमा घेऊन ताईच्या दारात उतरले. ताई फाटकाशी उभीच होती. म्हणाली, भोंगा आला, आता घराची शांतता संपली. लहानपणापासून मी तिची भोंगाच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि आवाज तीन गल्ल्या ओलांडून जातो, त्याला ती तरी काय करणार.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, इथल्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळा जरा वेगळी आहे. कोणाला ऐकू येत नाही, कोणाचं लक्ष टिकत नाही, कोणाला वाचायला वेळ लागतो, अशी मुलं इथे बाकीच्यांच्या बरोबरीने एकाच वर्गात बसतात. सर बोलतात ते लगेच मुलांपुढच्या पडद्यावर अक्षरांत उमटतं. त्याला कॅप्शन म्हणतात, आणि ते उमटवण्याचं काम आता माझं.

मी एकोणीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कोणाचं मूल हरवलं, कोणाची पिशवी सापडली. मग तिथे यंत्र आलं आणि माझ्या पोटावर पाय आला. दहा महिने घरी बसून भिंतींशी बोलत होते. तेवढ्यात ताईचा फोन आला. आधीच्या बाई लग्न करून परगावी गेल्या, जागा रिकामी आहे, ये. एका यंत्राने काढलं, दुसऱ्याने बोलावलं. चालायचंच.

भाची धावत येऊन गळ्यात पडली. तिला आम्ही चिमणी म्हणतो. चौथ्या वर्षी तापात तिचे कान गेले. आता सोळाची आहे, ओठ बघून बोलणं समजून घेते. मला म्हणाली, मावशी, बाकीच्यांचे ओठ पुटपुटतात, तुझे ठळक अक्षरांत असतात. एवढं कौतुक माझं नवऱ्यानेही कधी केलं नाही, म्हणूनच तो आता नाही.

आईला मागे ठेवून यायचं जिवावर आलं होतं. तिचे डोळे गेले, साखरेने बोटांची संवेदनाही गेली. हातात काय आहे ते तिला कळत नाही. उरले ते कान. तिच्या लेखी मी म्हणजे माझा आवाज. शेजारीण तिचं सगळं करते, पण रोज संध्याकाळी सात वाजता माझा फोन झाल्याशिवाय आई घास गिळत नाही. ताईला पहिली अट तीच घातली, सातचा फोन चुकणार नाही. ताई म्हणाली, अगं, ती माझीही आई आहे.

मग तिने तीन पानी कागद पुढे केला. तिने बोट ठेवलं तिथे सही केली. लहानपणी तेच बोट धरून शाळेत गेले आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

कामाची गंमत अशी की मी टाइप करत नाही, बोलते. वर्गाच्या मागच्या बाजूला काचेची एक छोटी खोली आहे. कानात सरांचा आवाज येतो. ते बोलतील ते मी त्यांच्या मागोमाग, स्वच्छ आणि सलग, पुन्हा बोलायचं. माझं बोलणं ऐकून यंत्र अक्षरं काढतं. थेट सरांचंच का ऐकत नाही, असं मी विचारलं. कारण सर फळ्याकडे तोंड करतात, खोकतात, अर्धं वाक्य गिळतात, आणि यंत्राला एका वेळी एकच आवाज नीट कळतो. तो आवाज त्याला आधी शिकवावा लागतो.

बाहेर आवाज जाऊ नये म्हणून तोंडावर रबराचा एक वाडगा घट्ट दाबून धरायचा. मी त्याचं नाव मुसकं ठेवलं. खळ्यातल्या बैलाला बांधतात तसंच दिसतं. मशीनवाला, म्हणजे यंत्र सांभाळणारा तरुण, पोट धरून हसला. भला माणूस आहे, फक्त डोळ्याला डोळा भिडवत नाही.

त्याने दोन तास माझ्याकडून वाचून घेतलं. मग दुसरं काम सांगितलं. रोज शाळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशीच्या धड्यातले शब्द यंत्रात भरायचे. भिंतीवर सूचनाच लावली आहे: प्रत्येक शब्द तीनदा, स्पष्ट, न हसता. आज चाळीस भरले. तिसऱ्यांदा म्हटल्यावर पडद्यावर शब्द हिरवा होतो. लहान मुलाला भरवल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, १० जानेवारी

आजचा दिवस जपून ठेवायचा.

वर्गातली माझी मुलं आता ओळखीची झाली. खिडकीपाशी एक भिंगरी आहे. त्याचं लक्ष सतत उडतं, पण उडून परत आलं की मधलं सगळं पडद्यावर असतं. एक हळूबाई आहे, ती एकेक ओळ थांबवून वाचते. एकीचे हात लवकर दुखतात, तिला लिहून घेता येत नाही. तास संपला की माझ्या कॅप्शनचा कागदच तिच्या हाती पडतो. आणि पहिल्या बाकावर चिमणी.

विज्ञानाच्या सरांनी आज एक विनोद केला. फार काही नव्हता, पण वर्ग हसला, आणि चिमणी सगळ्यांच्या बरोबर हसली. नंतर नाही, बरोबर. आधीच्या बाई गेल्यापासून पुन्हा प्रत्येक विनोद तिच्यापर्यंत शिळा होऊन पोचायचा. शेजारची मैत्रीण लिहून दाखवायची आणि ही एकटीच हसायची, तेव्हा सगळे वळून बघायचे. काचेआड माझे डोळे भरून आले आणि मुसक्यात नाक ओढल्याचं यंत्राने काहीतरी भलतंच लिहिलं.

मी मधेमधे कंसात माझ्याही टिपा टाकते. (सर हसतात, वर्ग नाही.) मुलांना आवडतात. ताईला अजून कळलेलं नाही.

या कामात विरामचिन्हंही बोलावी लागतात. संध्याकाळी फोनवर आईला विचारलं, जेवलीस का प्रश्नचिन्ह. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

बुधवार, १५ जानेवारी

आईला आजचा धडा सांगायला बसले. डोंगराच्या पोटातून आग बाहेर येते, त्याचं नाव ओठावर येईना. ज्वालामुखी! आत्ता लिहिताना आला. फोनवर मात्र काही केल्या येईना. काल तीनदा भरलेला शब्द. आई म्हणाली, भोंगा बिघडला वाटतं. मी म्हटलं, बिघडणारच, वय झालं त्याचं.

मंगळवार, २१ जानेवारी

दुकानात उशी घ्यायला गेले आणि उशी म्हणता येईना. तोंड उघडलं की मधे भोक. डोकं तिरकं करून गालाखाली हात ठेवून दाखवलं. दुकानदाराला वाटलं मला झोप आली आहे. आम्ही दोघं हसलो, पण घरी येताना मला बरं वाटत नव्हतं.

गेल्या गुरुवारी घरातल्या वस्तूंची यादी भरली होती. उशी त्यात होती.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, दिवसभर बोलतेस, जीभ दमते, गरम पाणी पी. आणि मग किती प्रेमाने तिने स्वतः पाणी आणून दिलं.

गुरुवार, २३ जानेवारी

मार्चमध्ये चिमणीची मोठी परीक्षा आहे. भाषेच्या पेपरात कुटुंबावर निबंध येतोच, म्हणून ताईने नात्यांची यादी हाताने लिहून दिली. आज तीच भरली. आई, ताई, मावशी, भाची, बहीण, मुलगी, सगळी. मला आपलं छान वाटलं. आई हा शब्द तर मी तीनदा मनापासून म्हटला. हिरवा झाला.

जाताना मशीनवाल्याने विचारलं, नात्यांची पण भरलीत? मी हो म्हटलं. तो काहीतरी बोलणार होता. मग वायर गुंडाळत बसला.

सोमवार, २७ जानेवारी

सात वाजता फोन लावला. पलीकडून आईने हॅलो म्हटलं.

मला आई म्हणता आलं नाही.

पुन्हा पुन्हा तोंड उघडलं. बाकी सगळं बोलता येत होतं. कशी आहेस, जेवलीस का, शेजारीण आली होती का. फक्त हाक मारता येईना. आईच्या ते लगेच लक्षात आलं. म्हणाली, रागावलीस का गं? आज एकदाही आई म्हणाली नाहीस. मी घसा बसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, घसा कुठे बसलाय, आवाज तर चांगला खणखणीत आहे. फोन ठेवताना नुसतं बरं म्हणाली. माझी आई कधी नुसतं बरं म्हणत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आरशासमोर बसून भरलेल्या सगळ्या याद्या वाचल्या. एकही शब्द बोलता आला नाही. वर्तमानपत्र घेतलं, तर ते सरळ वाचता आलं. मधेच यादीतला शब्द आला की भोक. लिहिता मात्र येतो. पहिल्या आठवड्यातले सोडून. ते आता वाचले तरी नुसत्या रेघा दिसतात.

म्हणजे आधी तोंडातून जातात, मग हातातून.

मशीनवाल्याला कोपऱ्यात गाठलं. खरं बोल म्हटलं. तो बुटांकडे बघून म्हणाला, आधीच्या बाईंनी पण असंच विचारलं होतं. मी म्हटलं, त्या तर लग्न करून परगावी गेल्या. तो म्हणाला, कुठल्या परगावी, इथेच दोन गल्ल्या सोडून राहतात, लाँड्रीच्या वर.

गुरुवार, ३० जानेवारी

लाँड्रीच्या वर गेले. दार एका नीटनेटक्या बाईंनी उघडलं. माझ्याएवढ्याच असतील. मी नाव सांगायच्या आत त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. मुसक्याचा लाल वण पडतो तिथे. मग स्वतःच्या गालावर बोट फिरवलं. त्यांचा वण फिका झाला आहे, पण आहे.

त्या बोलत नाहीत. लिहीतही नाहीत. मी वही पुढे केली तर पेन नुसतंच हातात धरून बसल्या आणि परत दिलं. घरात कुठे एक अक्षर नाही. डब्यांवरची लेबलंसुद्धा काढून टाकली आहेत. मला खुर्चीत बसवलं, माझा हात हातात घेतला, मग कपाटातून एक पत्र काढून दिलं. हातात शब्द होते तोवर लिहिलेलं.

पत्र ताईला आहे, त्यात लिहिलंय: यंत्राला तीनदा दिलेला शब्द माणसाकडे राहत नाही. भरलेले आधी जातात, मग वर्गात बोललेलेही एकेक करून जातात, थांबलात तरी जात राहतात. मुलांचं भलं होतंय म्हणून मी कळूनही चार महिने काढले. आता उरलेल्या शब्दांत एवढंच सांगते, माझ्या जागी कोणालाही आणू नका.

तारीख दोन डिसेंबर. खाली हिरव्या शाईत ताईचं अक्षर. वाचले. चार डिसेंबर. शाळेतल्या प्रत्येक कागदावर ती असंच लिहिते आणि तो परत पाठवते.

मला तिचा फोन नऊ डिसेंबरला आला होता. आईच्या तपासणीचा दिवस होता, म्हणून पक्कं लक्षात आहे.

पाच दिवस. पाच दिवस तिने विचार केला आणि मग मला बोलावलं.

रविवार, २ फेब्रुवारी

ताई पेपर तपासत बसली होती. मी पत्र समोर ठेवलं. वाटलं होतं, दचकेल, रडेल, निदान खोटं तरी बोलेल. तिने पेनाला टोपण लावलं, एवढंच.

म्हणाली, हो, मला माहीत होतं.

मी विचारलं, मग मीच का? जगात दुसरं कोणी मिळालं नाही? ती म्हणाली, परक्या बाईला फसवायला मन धजेना. मला हसूच आलं. म्हणजे मला फसवायला धजलं! तर म्हणाली, बहीण समजून घेते.

मग तिने सगळं सांगितलं, शांतपणे, वर्ग घेतल्यासारखं. चिमणी दोनदा नापास झाली होती. वर्गात असून नसल्यासारखी. साधी यंत्रं आणली, ती दहातले चार शब्द चुकवायची. हे चुकत नाही, कारण हे माणसाचं असतं; पण आधीच्या बाई मुळात कमी बोलणाऱ्या, त्यांचे शब्द अपुरे पडले. तू तिला हसताना पाहिलं आहेस ना, तिने विचारलं. पाहिलं आहे. तेच तर. म्हणाली, अगं भोंगा, तू जन्मभर बोललीस, पुरेल इतकं बोलून झालं तुझं. तिचं अजून सुरूच व्हायचंय.

मी म्हटलं, मग तुझे शब्द का नाही दिलेस, तू तर तिची आई. म्हणजे मला म्हणायचं होतं. आई म्हणता आलं नाही. तिला कळलं. ती म्हणाली, मला शाळा चालवायची आहे.

केसाने गळा कापला माझा. तिने आणून दिलेलं ते गरम पाणी मला आत्ता आठवतंय. घोट घोट प्यायले होते.

मी म्हटलं, उद्यापासून मुसकं लावणार नाही, मी घरी चालले, तिच्याकडे. माझे शब्द संपायच्या आत मला तिच्याशी बोलायचं आहे. ताई उठली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, आईची काळजी करू नकोस. तिचं मी बघते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

लिहायला बसले आणि — जिने मला जन्म दिला, तिच्यासाठीचा शब्द हातातूनही गेला. रविवारच्या पानावर तो आहे, मी लिहिलेला. बघते तर रेघा. मोठ्या — साठीचाही गेला. तिला आता हिरव्या शाईवाली म्हणेन. तसंही आता दुसरं काही म्हणवत नाही.

काम सोडलं. तरी जात आहेत. बाई म्हणाल्या, म्हणजे लिहिलं होतं, तसंच.

सात वाजता फोन केला. कशी — म्हटलं. पुढे आलं नाही. हिरव्या शाईवालीने माझ्या हातातून फोन घेतला. तिला सांगितलं, हिचा घसा पार गेलाय, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बॅग घेऊन बसस्थानकावर गेले. पहाटेच, कोणाला न सांगता. तिच्याकडे जायचं. शब्द नसतील तर तिच्या पायाशी बसेन. तिथे बसून काहीतरी सुचेल.

तिकिटाच्या खिडकीशी माझा नंबर आला. आतल्या माणसाने विचारलं, कुठलं?

गावाचं नाव नाही. ज्या गावाचं नाव मी एकोणीस वर्षं दिवसातून चाळीसदा कर्ण्यावर म्हटलं, ते. वर्गात भूगोलाच्या तासाला म्हटलं असेल. तीनदा म्हटलं असेल.

तो बिचारा चांगला होता. कागद दिला, म्हणाला, लिहा. पेन धरून उभी राहिले. वर भला मोठा फलक होता, त्यातलंच एक नाव माझं. सगळा फलक वाचला. जे वाचता आलं ते माझं नव्हतं. उरल्या त्या रेघा, पाच-सहा ठिकाणी. त्यातली कुठली —

मागचे ओरडायला लागले. बाकावर बसून रडले. आजूबाजूला सगळे कुठे ना कुठे चालले होते. दुपारी परत आले. दुसरी जागा कोणती आहे मला?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वर्गाच्या दाराशी जाऊन पाहिलं. काचेची खोली रिकामी. मुसकं खुंटीवर.

पडद्यावर कॅप्शन चालू. सर बोलतात, अक्षरं येतात. एकही चूक नाही. आणि मधे कंसात — (सर पुन्हा तोच विनोद करतात.) माझं आहे ते. माझी खोड. मी केलेली नाही.

वर्ग हसला. ती पहिल्या बाकावरची हसली. बरोबर.

मशीनवाला जिन्यात भेटला. रडवेला झाला होता. म्हणाला, मॅडमनी सांगितलं म्हणून केलं. आता ते नुसतं लिहीत नाही. बोलतंही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चिमणी वर माझ्या खोलीत आली. एवढा शब्द आहे अजून. तिला वाटत होतं मीच काचेआड असते. म्हणाली, तूच ना ती, कंसातली?

माझ्या ओठांकडे बघत राहिली. वाट बघत. ओठांवर काही नव्हतं.

तिला कळलं. खूप रडली, मला धरून. म्हणाली, आत्ता जाऊन विचारते तिला. मला बरं वाटलं. या घरात एक तरी माझ्या बाजूचं.

तासाने आली. दाराशीच उभी. माझ्याकडे बघेना. म्हणाली — फक्त परीक्षा होईपर्यंत. फक्त तेवढंच. मग मी सगळं बंद करायला लावीन. नक्की. शपथ.

मान खाली घालून गेली. तिने तरी निदान बघायला — नाही. नाही बघितलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गाडीचा आवाज. हिरव्या शाईवालीने तिला आणलं. जन्म देणारीला. इथे, याच घरात. खालची मागची खोली.

जिन्यावरून ऐकलं. ती विचारत होती, धाकटी कुठे आहे. हिरव्या शाईवाली म्हणाली, तिला मोठी नोकरी लागली. लांब. रोज फोन करेल, सातला.

माझ्या खोलीला बाहेरून कडी.

बुधवार, १९

सात. खाली फोन वाजला.

माझा आवाज. खणखणीत. भिंतीतून येतो — तीन गल्ल्या जाईल असा. हाक मारली तिला. माझा तो शब्द. मनापासून. मग — जेवलीस का प्रश्नचिन्ह.

ती हसली. ठसका लागेपर्यंत —

इतकी कधी हसली होती. माझ्याशी. मी असताना.

शनिवार, २२

चिमणीने कडी काढली. पळून गेली, बोलली नाही. सात वाजत आले.

मागची खोली. ती बसलेली. मांडीवर फोन. चालू. मी बोलत होते. फोनमधली. ती मान हलवत होती —

पायाशी बसले. हात घेतला, गालावर ठेवला. तिच्या बोटांना कळत नाही. माहीत आहे. तरी —

तोंड उघडलं. हवा. नुसती घरघर.

ती दचकली. फोनला म्हणाली, अगं, कोणीतरी येऊन बसलंय इथे. हात धरलाय. बोलत नाही. मला भीती वाटते.

मग मी म्हणाले — ती — माझ्या आवाजात — घाबरू नकोस. ती आधीची बाई आहे, बिचारी. डोकं ठिकाणावर नाही तिचं. हात सोडवून घे. हळूच. मी आहे ना.

सोडवून घेतला. हळूच.

आता विचारते आहे, गेली का ती? आणि मी सांगते आहे, हो, गेली. मी अजून इथेच आहे, तिच्या पायाशी, वही घेऊन, मी अजून